बाइकचा सायरन अलार्म: बसवायचा कसा, आणि रात्री दोन वाजता उगाच बोंबलला तर शोधायचं काय

बाहेरून घेऊन बसवलेल्या अलार्मच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सकाळी बॅटरी उतरलेली. मध्यरात्री कुणी हात न लावता सायरन चालू. डावा इंडिकेटर दिला की उजवाही लागतो. नाहीतर गाडी चालूच होत नाही. यांतल्या फार थोड्या तक्रारींत अलार्मचा डबा खराब निघतो. बाकी सगळीकडे दोष जोडांचा, चुकीच्या वायरीचा किंवा बॅटरीच्या कुवतीचा असतो. म्हणजे डबा बदलून तक्रार जात नाही, आणि दुकानदार दुसरा डबा विकून मोकळा होतो.

इथे उदाहरण घेतलंय ते नेहमीच्या किटचं: एक काळा डबा, एक सायरन, वायरींचं हार्नेस म्हणजे जुडगा, दोन रिमोट आणि बारीक अक्षरांतला एक कागद. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतं ते हेच. तो कागद मात्र फेकू नका. एकसारख्या दिसणाऱ्या दोन किटांत वायरींचे रंग वेगळे असतात आणि यूट्यूबवरच्या व्हिडिओतला रंग तुमच्या किटला लागू असेलच असं नाही.

डब्याच्या आत चार गोष्टी असतात: रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसिव्हर, धक्का ओळखणारा सेन्सर, निर्णय घेणारी चिप, आणि इंडिकेटर-सायरन चालवणाऱ्या दोन-तीन छोट्या रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच). रिसिव्हर आणि सेन्सर गाडी उभी असतानाही जागे असतात. चोवीस तास. बॅटरीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आधी बॅटरीचा हिशेब

अ‍ॅक्टिव्हा किंवा स्प्लेंडरसारख्या गाडीत १२ व्होल्ट ३ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी असते. मोठ्या बाइकमध्ये ७ ते ९ एएच, जुन्या सेल्फवाल्या बुलेटमध्ये १४ एएचपर्यंत. एकच अलार्म बुलेटमध्ये महिनाभर निमूट बसतो आणि स्कूटरची बॅटरी आठवड्यात झोपवतो, त्याचं कारण एवढंच.

गणित सोपं आहे. अलार्म लॉक असताना ८ मिलीअँपिअर खातो असं धरा. दिवसाला ८ गुणिले २४, म्हणजे १९२ मिलीअँपिअर-अवर, साधारण ०.१९ एएच. ३ एएचची बॅटरी निम्मी रिकामी झाली की सेल्फ धापा टाकायला लागतो. म्हणजे हाताशी दीड एएच. दीडला ०.१९ ने भागा: आठ दिवस. आता तीच बॅटरी तीन वर्षं जुनी असेल आणि तिची खरी कुवत निम्मी उरली असेल, तर चार दिवस. दिवाळीला गावी गेलात, परत आलात, गाडी गप्प. अलार्मला शिव्या बसतात, दोष म्हाताऱ्या बॅटरीचा असतो.

म्हणून किट उघडायच्या आधी मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.६ च्या वर व्होल्ट दिसले तर उत्तम. १२.४ असेल तर चालेल. १२.२ च्या खाली असेल तर अलार्म बाजूला ठेवा, आधी बॅटरी चार्ज करा किंवा बदला. मग इंजिन चालू करून थोडी रेस द्या: १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. रेस देऊनही १३ च्या वर जात नसेल तर रेग्युलेटरचं (चार्जिंग आटोक्यात ठेवणारा) किंवा मॅग्नेटोचं (इंजिनावर वीज तयार करणारा) काम आहे. त्या गाडीला अलार्म म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

रोज दोन किलोमीटर भाजीला आणि परत, त्यात चार वेळा सेल्फ, असा वापर असेल तर बॅटरी तशीही भरत नाही. अशा स्कूटरला अलार्मपेक्षा डिस्क लॉक बरं.

कुठली वायर कशाची

किटमधल्या वायरींची कामं साधारण अशी: एक बॅटरीच्या प्लसला, एक अर्थला (बॅटरीचं मायनस किंवा फ्रेम), दोन इंडिकेटरना (डाव्या-उजव्या), एक चावी ऑन झाली हे ओळखायला, दोन सायरनला. उरलेल्या वायरी इंजिन बंद पाडण्याच्या आणि रिमोटने सेल्फ मारण्याच्या. पहिल्या सात नीट जोडल्या की अलार्म पूर्ण चालतो. उरलेल्यांबद्दल पुढे येईल, घाई करू नका.

होंडा आणि हिरोच्या गाड्यांत रंगांची पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे. हिरवी म्हणजे अर्थ. लाल म्हणजे बॅटरीकडून थेट येणारा प्लस. काळी म्हणजे चावी ऑन केल्यावर येणारा प्लस. नारिंगी डावा इंडिकेटर, फिकट निळी उजवा. इथे एक सापळा आहे: अलार्म किटमध्ये काळी वायर बहुतेकदा अर्थ असते, आणि गाडीत काळी म्हणजे चावीचा प्लस. काळ्याला काळी जोडली की चावी फिरवताक्षणी फ्यूज उडतो. बजाज, टीव्हीएस, यामाहा यांचे रंग निराळे आहेत. तिथे रंगावर न जाता मीटर लावून खात्री करा.

खात्री करायची रीत: मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला. चावी ऑफ असताना शून्य आणि ऑन केल्यावर १२ दाखवते ती चावीची वायर. डावा इंडिकेटर चालू केल्यावर ० आणि १२ असा झोका खाते ती डाव्या दिव्याची. हेडलाइटच्या वायरीपासून लांब राहा, कारण जुन्या कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नाही तर थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो. तिथून अलार्मला सप्लाय दिला तर डबा एका फेरीत जातो.

इंडिकेटरच्या वायरी कुठे जोडायच्या यातच निम्मे लोक चुकतात. फ्लॅशरकडून (दिवे लुकलुकवणारी डबी) स्विचकडे जाणारी एकच वायर असते. तिच्यावर जोडू नका. स्विचपासून पुढे, दिव्याकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वायरींवर जोडा. टेल लाइटच्या मागे, सीटखाली या दोन्ही वायरी कपलरमध्ये (वायरींच्या प्लगमध्ये) हाताशी सापडतात. अलार्मच्या दोन्ही इंडिकेटर वायरी एकत्र पिळून एकाच जागी जोडल्या की डावी-उजवी बाजू आपसांत जोडल्या जातात. मग डावीकडे वळताना चारही दिवे लुकलुकतात, मागचा माणूस गोंधळतो.

किटमधून इंडिकेटरसाठी एकच वायर येत असेल, तर दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे सुटे भाग) घालावे लागतात, प्रत्येक बाजूला एक. डायोडवरची पट्टी दिव्याच्या बाजूला. दुकानदार सर्रास १एन४००७ देतो. तो १ अँपिअरचा आहे. एका बाजूचे १० वॉटचे दोन बल्ब म्हणजे २० वॉट, भागिले १२, म्हणजे १.६७ अँपिअर. काही दिवसांत तो डायोड शॉर्ट होतो आणि पुन्हा चारही दिवे लागायला लागतात. १एन५४०८ मागा, ३ अँपिअरचा; किमतीत फरक चणे-फुटाण्यांचा. एलईडी इंडिकेटर असतील तर करंट कमी असतो, तिथे १एन४००७ चालून जातो.

इंजिन बंद पाडणारी वायर

या भागात चूक झाली तर महागात पडते, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

जुन्या स्प्लेंडरसारख्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत एसी-सीडीआय (प्लगची ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) असतो. त्याला ठिणगीसाठी वीज मॅग्नेटोतल्या एका कॉइलमधून मिळते, बॅटरीचा त्याच्याशी संबंध नाही. चावी ऑफ केल्यावर इंजिन बंद होतं ते वीज तोडून नाही, तर सीडीआयकडून येणारी एक वायर अर्थला टेकवून. होंडा-हिरोत ही वायर काळी-पांढरी असते. म्हणजे या गाडीत इंजिन रोखायचं तर वायर कापून मध्ये रिले घालून उपयोग नाही. उलट ती वायर कापली तर चावी ऑफ करूनही इंजिन बंद होणार नाही. इथे रिलेने काळी-पांढरी वायर अर्थला टेकवावी लागते.

ओळखायचं कसं? इंजिन बंद ठेवा, सीडीआयचा कपलर काढा, मीटर बझरवर लावा. एक प्रोब काळ्या-पांढऱ्या वायरीला, दुसरा अर्थला. चावी ऑफ असताना बझर वाजतो आणि ऑन केल्यावर थांबतो, तर तीच वायर. इंजिन चालू असताना तिला हात किंवा मीटर लावू नका. तिथे शंभराच्या वर व्होल्टचे ठोके असतात. याच कारणाने अलार्मच्या डब्यातून येणारी सिग्नलची वायर थेट तिच्यावर जोडायची नाही, मध्ये रिले हवीच. आणि तिच्यावर चुकूनही १२ व्होल्ट सोडायचे नाहीत. सीडीआय तिथल्या तिथे जातो.

ज्यांत सीडीआय बॅटरीवर चालतो अशा डीसी-सीडीआय गाड्यांत उलटा कारभार: चावीकडून सीडीआयला जाणारा १२ व्होल्टचा सप्लाय रिलेने तोडायचा. एसीवाल्याची जोडणी डीसीवाल्यावर केली तर बॅटरीचा प्लस सरळ अर्थला जाईल. फ्यूज असेल तर फ्यूज उडेल. नसेल तर हार्नेस जळेल.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्या जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. तिथे ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आणि पेट्रोल पंपाच्या वायरींना हात लावू नका हाच सल्ला. चालत्या गाडीत किटची स्वस्त रिले एकदा जरी कचरली, तर घाटात ट्रकच्या पुढे इंजिन बंद पडतं. शिवाय वायर कापलेली दिसली की सर्व्हिस सेंटर वॉरंटीवर हात वर करतं, ते वेगळंच. फारच हवं असेल तर स्टार्टर रिलेची बारीक वायर तोडा. त्याने फक्त सेल्फ थांबतो. किक किंवा ढकलस्टार्ट थांबत नाही, पण चालत्या गाडीला धोकाही नाही.

रिलेचा आणखी एक छुपा खर्च असतो. गाडीच्या साध्या पाच पायांच्या ३० अँपिअरवाल्या रिलेची कॉइल सुमारे १५० मिलीअँपिअर ओढते. अलार्म लॉक असेपर्यंत ती कॉइल चालू राहिली तर चोवीस तासांत ३.६ एएच. तुमची बॅटरी ३ एएचची! एका रात्रीत गाडी उताणी. म्हणून रिलेचा ८६ नंबरचा पाय कायमच्या प्लसला न देता चावीच्या वायरीला द्या आणि ८५ अलार्मच्या सिग्नलला. कुणी चावी फिरवली तरच कॉइलला करंट मिळतो. यात उणीव आहे: एसी-सीडीआयच्या गाडीत चावीचा कपलरच काढून किक मारणाऱ्यापुढे ही रिले झोपलेलीच राहते. ही उणीव मान्य करून चालायचं, कारण दुसरा पर्याय रोज उतरलेल्या बॅटरीचा आहे.

रिमोटने सेल्फ मारायची वायर तर टेप लावून बंदच करा. गिअरमध्ये ठेवलेली गाडी सेल्फ मारला की उडी मारते. बंद पार्किंगमध्ये माणूस नसताना इंजिन चालू राहणं हे विषारी धुराच्या दृष्टीनेही वाईट. आणि खिशातलं बटण दाबलं जातंच. मित्रांना दाखवायला मजा येते, यापलीकडे तिचा उपयोग नाही.

बसवताना

सामान: दहाचा पाना, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, स्लीव्ह (जोडावर चढवायची नळी), कापडी टेप, केबल टाय, फ्यूज होल्डर आणि ५ अँपिअरचे दोन फ्यूज. लांबवायची वेळ आलीच तर सप्लायला ०.७५ चौरस मिलिमीटरची, बाकीला ०.५ ची वायर. फुरसतीत केलं तरी दोन तासांचं काम.

फ्यूज ५ अँपिअरचाच का? चार इंडिकेटर मिळून ४० वॉट, म्हणजे ३.३ अँपिअर, वर सायरनचा एखादा अँपिअर. ५ पुरतो. १५ चा घातला तर वायर आधी जळेल, फ्यूज नंतर. हा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत हवा. डब्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला काहीच संरक्षण देत नाही.

बॅटरीचं मायनस आधी काढा, जोडताना सगळ्यात शेवटी लावा. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना फ्रेमला टेकला तर ठिणगीचा बार निघतो.

डब्याची जागा सीटखाली, मागच्या पॅनेलच्या आत. तीन अटी: स्पार्क प्लगच्या जाड वायरीपासून लांब, इंजिनच्या उष्णतेपासून लांब, आणि कपलरचं तोंड खाली. तोंड वर असेल तर वायरींवरून ओघळणारं पाणी सरळ आत. वायरींना डब्याच्या खाली छोटा झोल द्या, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो. धक्क्याचा सेन्सर आत असल्यामुळे डबा फ्रेमला घट्ट बसला पाहिजे: आधी जाड दुहेरी टेप, वरून दोन केबल टाय. टूल किटच्या खोबणीत सैल टाकलेला डबा गाडीच्या नाही, स्वतःच्याच हालण्यावर ओरडतो.

सायरनचं तोंड खाली किंवा तिरकं. वर केलं तर तो पावसात वाटीसारखा भरतो. सायलेन्सरपासून दूर, आणि बाहेरून हात घालून वायर उपटता येणार नाही असा.

अर्थसाठी बॅटरीचं मायनस टोक सर्वात चांगलं. फ्रेमच्या बोल्टला द्यायचा असेल तर खालचा रंग खरवडून धातू उघडा करा. रंगावर बसवलेला अर्थ आज चालतो, पावसाळ्यात बंद होतो.

जोडासाठी वायर मधोमध कापू नका. दोन सेंटिमीटर आवरण सोला, अलार्मची वायर तिच्याभोवती पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळा, सोल्डर लावा, थंड होऊ द्या, वरून कापडी टेप. अलार्मच्याच वायरी वाढवत असाल तर सोल्डर करण्याआधी स्लीव्ह वायरीत ओवून ठेवा. नंतर आठवलं तर जोड पुन्हा सोडवावा लागतो. ते चिमट्यासारखे दाबून बसवायचे निळे-लाल कनेक्टर टाळा. ते तारेचे चार-सहा धागे कापतात आणि फटीत ओल धरतात. साधी प्लास्टिकची इन्सुलेशन टेप उन्हात डिंक सोडते आणि एप्रिल-मे उलटेपर्यंत उलगडते.

रिसिव्हरची अँटेना म्हणजे डब्यातून लोंबणारी, कुठेही न जोडलेली एक वायर. अनेक जण ती नको असलेली समजून कापतात किंवा गुंडाळून कोंबतात. ४३३ मेगाहर्ट्झच्या किटला तिची लांबी साधारण १७.३ सेंटिमीटर असते, ३१५ च्या किटला २३.८. ती सरळ सोडा, प्लास्टिकच्या पॅनेललगत, लोखंडापासून शक्य तितकी दूर.

पॅनेल लावण्याआधी सगळं तपासा: लॉक, अनलॉक, चावी फिरवल्यावर सायरन, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक लाइट, सेल्फ. सीट खाली दाबून पुन्हा एकदा तपासा, कारण सीटची कडी किंवा बिजागरी वायर चिमटते ते सीट लावल्यावरच कळतं.

सेन्सर किती तिखट ठेवायचा

बहुतेक किटमध्ये हलक्या धक्क्याला छोटा इशारा आणि लागोपाठ दुसऱ्या धक्क्याला पूर्ण सायरन अशी रचना असते. तीव्रता रिमोटच्या बटणांनी किंवा डब्यावरच्या बारीक स्क्रूने बदलते. सर्वात कमीवरून सुरुवात करा. लॉक करून अर्धा मिनिट थांबा. सीटवर तळहाताने थापटी मारा: वाजायला नको. हँडल हिसका देऊन हलवा, स्टँडवरून गाडी उचलायला जा: वाजायलाच हवा. या दोहोंच्या मध्ये स्क्रू आणा आणि तिथे सोडा.

गाडी साइड स्टँडवर जास्त हलते, मेन स्टँडवर कमी. म्हणून जशी रोज लावता तशीच लावून ठरवा. सोसायटीत मांजर सीटवर चढतं, शेजारची गाडी काढताना आरसा लागतो, लगतच्या रस्त्यावरून डंपर जातो. गणपतीत ढोल-ताशाचं पथक गेटवर थांबलं की जमीनच थरथरते, दिवाळीत सुतळी बॉम्ब. त्या दिवसांत सेन्सर दोन पायऱ्या खाली आणा किंवा गाडी आवाज न करता लॉक होणाऱ्या बटणाने लॉक करा. सतत उगाच ओरडणाऱ्या अलार्मकडे चौथ्या रात्री कुणी खिडकीतून डोकावतही नाही, आणि चोराला तेच हवं असतं.

आवाजाबद्दल कायद्याची एक बाब. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम बदलत्या सुरांच्या हॉर्नला आणि कर्कश आवाजाच्या उपकरणांना मनाई करतो. म्हणून सायरन हॉर्नच्या बटणाला जोडून पोलिसी आवाज काढायची हौस नको. आणि विम्यात सवलतीच्या आशेने घेत असाल तर जाणून घ्या: त्यासाठी पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेलं उपकरण लागतं. साध्या किटवर ती नसते.

बिघाड शोधताना

बॅटरी उतरते. बॅटरीचं मायनस सोडा आणि तिच्या टोकात व त्या केबलमध्ये मीटर करंटवर लावा. पण एक खोच आहे. लॉक करताना इंडिकेटर लुकलुकतात, तेव्हा तीन अँपिअर वाहतात आणि मीटरच्या मिलीअँपिअर बाजूचा नाजूक फ्यूज उडतो. म्हणून मीटरला समांतर एक जाड वायरचा तुकडा धरा, रिमोटने लॉक करा, एक मिनिट जाऊ द्या, मग तो तुकडा अलगद काढा. आता दिसतो तो खरा आकडा. गाडी धरून एकूण ५ मिलीअँपिअरच्या आत असेल तर छान. १० पर्यंत रोजच्या गाडीला चालतं. २० च्या वर असेल तर अलार्मचा फ्यूज काढून पुन्हा बघा. आकडा कोसळला तर दोष अलार्मच्या बाजूचा: डब्याचा किंवा सतत चालू राहिलेल्या रिलेचा. तसाच राहिला तर गळती गाडीतच आहे, बऱ्याचदा रेग्युलेटरमध्ये. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल.

उगाच वाजतो. क्रमाने बघा: सेन्सर तिखट आहे का, डबा सैल आहे का, अर्थ ढिला आहे का. अर्थ तपासायला सायरन वाजत असताना मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा डब्याच्या अर्थ वायरीला. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर जोड खराब. गाडी नुकतीच लावल्यावर दहा मिनिटांतच वाजत असेल, तर थंड होणाऱ्या सायलेन्सरचे टक-टक आवाज डब्यापर्यंत पोचताहेत; डबा तिथून हलवा किंवा खाली रबराचा तुकडा द्या.

चालत्या गाडीत खड्ड्यावर वाजतो. चावी ओळखणारी वायर सुटली आहे. डब्याला गाडी उभीच आहे असं वाटतं, तो आपोआप लॉक होतो आणि पहिल्या खड्ड्याला बोंब मारतो. चावी ऑन ठेवून त्या वायरीवर १२ व्होल्ट आहेत का बघा, डब्याच्या कपलरपाशी बघा, मधे नाही.

रिमोट जवळूनच चालतो. आधी रिमोटचा सेल. बारीक नळीसारखा १२ व्होल्टचा २७ए असेल तर मीटरवर १० च्या खाली आल्यावर बदला. चपटा सीआर २०३२ असेल तर नवा सेल घालून फरक बघणं सोपं. मग अँटेना. मग गाडीला बाहेरून लावलेले एलईडी फॉग लॅम्प किंवा मोबाइलचा स्वस्त चार्जर: त्यांचे सर्किट रेडिओत गोंगाट करतात, ते काढून रेंज वाढते का तपासा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात रिमोटचा दिवा बघायची युक्ती टीव्हीच्या रिमोटची आहे, हा रेडिओवर चालतो, त्यात काही दिसणार नाही.

रिमोट अजिबात चालत नाही, दोन्हीही. तर रिमोट नाही, डब्याला सप्लाय नाही. फ्यूज, मग कपलर. एकच चालत नसेल तर त्याला पुन्हा शिकवावं लागतं. रीत किटप्रमाणे बदलते, तो कागद इथे कामी येतो. स्वस्त किटमध्ये रिमोटचा कोड कायम एकच असतो आणि शटर-गेटच्या रिमोटची नक्कल करून देणारी मशिनं तो सहज उचलतात. दर वेळी कोड बदलणाऱ्या किटला थोडे जास्त पैसे पडतात, आणि ते द्यावेत असं आमचं मत.

पावसाळ्यानंतर अर्धवट चालतो. कपलर सोडा. पिना हिरव्या पडलेल्या दिसतील. जुन्या टूथब्रशने आणि इलेक्ट्रिकल क्लीनरने साफ करा, सुकवा, पिनांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा आणि कपलर लावा. कोकणात आणि गोव्यात हे मे महिन्यात आधीच करून ठेवलेलं बरं. सायरन घोगरा झाला असेल तर तो सोडवून कापडात गुंडाळा आणि थेट बॅटरीवर लावून बघा, लाल प्लसला. तिथेही घोगराच असेल तर आत पाणी गेलंय, सायरन बदला. खणखणीत वाजला तर वायरीतच कुठेतरी व्होल्ट गळताहेत.

फ्यूज परत परत उडतो. मोठा फ्यूज घालू नका. वायर कुठेतरी फ्रेमला लागली आहे. सीटची कडी, टाकीचा मागचा बोल्ट, हँडलजवळ वळणारा भाग, या तीन जागा आधी.

गाडी रस्त्यात अडली, रिमोट हरवला. डब्याचा कपलर काढा. एसी-सीडीआयवर अर्थला टेकवणारी रिले असेल तर एवढ्याने इंजिन मोकळं होतं. सप्लाय तोडणारी रिले असेल आणि एवढ्याने गाडी सुटली नाही, तर तिच्या ३० आणि ८७ (किंवा ८७ए) या पायांना लागलेल्या दोन जाड वायरी रिलेतून उपसून एकमेकींना जोडा. त्या कुठल्या हे अंधारात शोधणं कठीण असतं, म्हणून बसवतानाच दोन्हींवर पांढरी टेप गुंडाळून खूण करा, आणि पॅनेल लावण्याआधी जोडणीचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. हँडल लॉक मात्र रोज लावायचंच. उचलून टेम्पोत टाकलेल्या गाडीचा सायरन फार तर पुढच्या सिग्नलपर्यंत ऐकू येतो.